हेडबाईंनी घरपोच लावलेलं तळं

हेडबाईंनी आयुष्यात तक्रारी पुष्कळ केल्या. रस्त्याच्या दिव्याची केली, बसच्या कंडक्टरची केली, सख्ख्या नणंदेची तर नणंदेकडेच केली. पण उपग्रहाची तक्रार करणाऱ्या अख्ख्या गावात त्या एकट्याच. "आपल्याकडून येणाऱ्या चित्रात आमच्या तळ्याची भिंत वाकडी दिसते, तरी दुरुस्ती करून पाठवावे," असं त्यांनी चक्क लिहून कळवलं.

आता नाव हेडबाई असलं तरी शाळेशी त्यांचा संबंध फक्त शिकण्यापुरता. गावाला पाणी पुरवणारं जे केंद्र आहे ना, तळ्याच्या काठचं, तिथल्या प्रयोगशाळेत त्या नोकरीला. पाण्याचे नमुने घ्यायचे, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं, हे काम. पण बोलणं असं की समोरचा आपोआप हात मागे बांधून उभा राहतो. केंद्राचे साहेबसुद्धा त्यांच्यासमोर शर्ट खोचतात. म्हणून हेडबाई. हे नाव त्यांना माहीत नाही असं सगळ्यांना वाटतं, आणि सगळ्यांना तसं वाटू द्यायचं हे हेडबाईंनी कधीचं ठरवून टाकलंय.

तर त्यांचा एक नेम होता. सकाळी प्रयोगशाळेचं दार उघडलं की चहाच्या आधी तळ्याचं चित्र बघायचं. लांबच्या एका शास्त्रीय संस्थेचा मोठा संग्रह आहे. आकाशातून फिरणारे उपग्रह जमिनीची, पाण्याची जी चित्रं काढतात ती सगळी तिथे साठवून ठेवतात, आणि मागेल त्याला देतात. कुणीही मागावी, पैसे नाहीत. फक्त मागायचा खटाटोप फार. आधी आत शिरायचं, मग नकाशावर आपलं तळं शोधायचं, तारीख टाकायची, दहा चित्रांतून आपलं एक निवडायचं, मग ते खाली उतरेपर्यंत हाताची घडी घालून बसायचं. हेडबाई हे सगळं देवाचं केल्यासारखं मन लावून करत. कारण उकाडा सुरू झाला की त्या तळ्यात हिरवं शेवाळ धरतं, आणि ते साधंसुधं शेवाळ नव्हे, पोटात गेलं तर माणूस आडवा होतो. काठावरून ते उशिरा दिसतं. वरून आधी दिसतं.

एका वर्षी असं झालं होतं की हेडबाई धाकट्या बहिणीच्या लग्नाला गेल्या आणि चित्र नीट बघणारं मागे कुणी नव्हतं. बदलीवर बसवलेल्या माणसाला त्यांनी सगळं समजावून दिलं होतं, आणि त्याने सगळं समजल्यासारखी मान हलवली होती. त्या चार दिवसांत वाऱ्याने हिरवा तवंग ढकलत ढकलत नेमका पाणी ओढायच्या मनोऱ्यापाशी आणला. गावभर नळाला कुबट वास सुटला, दवाखाने भरले. हेडबाईंच्या शेजारची म्हातारी त्यातून उठली ती अर्धीच उठली. तेव्हापासून हेडबाईंनी उकाड्यात रजा घेतली नाही. बारसं नाही, लग्न नाही, कुणाचं काही नाही. बहीण म्हणायची, ताई आमच्या घरची नाही, तळ्याच्या घरची आहे.

तर ती वाकडी भिंत.

संग्रहाचा एक मदतकक्ष आहे. तिकडून उत्तर यायचं त्याखाली नाव नसायचं, नुसतं 'मदतकक्ष'. हेडबाई त्याला खिडकीवाली म्हणत. इतक्या शांतपणे उत्तर देणारी बाईच असणार, असं त्यांचं मत. त्यांच्या नवऱ्याचं मत नेमकं उलट होतं, पण ते त्याने एकदाच बोलून दाखवलं. खिडकीवालीने लिहिलं की आमच्याकडे भिंत सरळ दिसते आहे, कृपया दुसऱ्या एखाद्या व्यक्तीलाही चित्र दाखवून पाहावे.

दुसरी व्यक्ती म्हणजे पैलवान. हा केंद्रातला पंप चालवणारा माणूस, निवृत्तीला आलेला, अंगाने असा की पंपाच्या पाइपाआड उभा राहिला तर सापडायचा नाही, म्हणून पैलवान. हेडबाईंनी त्याला बोलावलं आणि विचारलं, ही भिंत कशी दिसते. पैलवानाने आधी हेडबाईंच्या तोंडाकडे बघितलं, कारण उत्तर तिथून मिळायची सवय. मग पडद्याकडे बघितलं आणि भीत भीत म्हणाला, सरळ आहे बाई. हेडबाई म्हणाल्या, नीट बघा. तो गेला आणि फूटपट्टी घेऊन आला. पट्टी पडद्याला लावली. भिंत पट्टीला पट्टी.

आता सूक्ष्मदर्शकात बघणाऱ्यांची एक खोड असते, काही बारीक बघायचं म्हटलं की डावा डोळा आपोआप मिटतो आणि सगळा भार उजव्यावर. हेडबाईंनी तेव्हा पहिल्यांदा उलटं केलं. उजवा मिटला, डावा उघडला. भिंत सरळ. डावा मिटला, उजवा उघडला. भिंत मधोमध सैल झालेल्या दोरीसारखी खाली लोंबलेली, आणि जिथे लोंबली होती तिथे चित्रच नव्हतं. करडा ठिपका.

त्यांनी पैलवानाला सांगितलं, जा, पंप बघा. आणि खिडकीवालीला लिहिलं, तक्रार तूर्त मागे घेण्यात येत आहे. तूर्त हं. माघार घेतानासुद्धा एक पाय पुढेच.

डोळ्यांची डॉक्टर त्यांच्या भाचीच्या वयाची होती, पण हेडबाईंना घाबरेना. तिने सांगितलं की उजव्या डोळ्याच्या आतल्या पडद्याला मधोमध भोक पडलंय. शस्त्रक्रिया करायची, डोळ्यात वायूचा एक बुडबुडा भरायचा, तो बुडबुडा आतून भोकाला दाबून धरतो आणि भोक मिटतं. पण बुडबुडा नेहमी वर जातो. म्हणून भोक वर राहायला हवं, म्हणजे माणसाने पालथं पडायचं. आठवडाभर तोंड जमिनीकडे. जेवताना, बसताना, चालतानासुद्धा. मान वर केली की बुडबुडा सरकला, आणि मग केलेलं सगळं पाण्यात.

हेडबाईंनी विचारलं, उकाडा संपेपर्यंत थांबलं तर?

"भोक थांबायला तयार असेल तर माझी काही हरकत नाही," डॉक्टर म्हणाली. "पण ते तुमचं ऐकेल असं दिसत नाही. रुंदावलं की मग मी काही करू शकणार नाही."

आणि तिने तारीख दिली. तीही नेमकी तळं हिरवं व्हायच्या दिवसांतली.

नवरा शिंपी. दुकान घराच्याच पुढच्या खोलीत. बायको घरी आली, चपला काढल्या आणि काही न बोलता कापायच्या टेबलाशी बसली, तेव्हाच त्याने मशीन थांबवलं. हेडबाई गप्प बसणं ही त्या घरात मशीन थांबवण्याजोगी गोष्ट होती. सगळं ऐकून झाल्यावर तो म्हणाला, तळं काय पळून जाणार आहे का. हेडबाई म्हणाल्या, तळं नाही, डोळा पळून जाणार आहे. आणि डोळा वाचवायला गेले आणि त्याच आठवड्यात मागच्यासारखं झालं तर?

नवऱ्याने सुई-दोरा हातात घेतला. तो विचार करताना दोरा ओवतो, शिवायचं काही नसलं तरी. मग म्हणाला, "आपण दूध आणायला रोज गोठ्यावर जात नाही. लावलेलं आहे, येतं. तुझं चित्र लावता येत नाही का?"

आता ही कल्पना हेडबाईंना आधी सुचली नव्हती असं नाही. संग्रहाच्या पानावर एक बटण होतं, 'नियमित पुरवठा' असं लिहिलेलं, त्यावरून त्यांची नजर रोज जायची. पण मला कुणी काही आणून द्यायची गरज नाही, माझं मी घेईन, हा बाणा. भाजीसुद्धा त्या कधी कुणाकडून मागवत नाहीत, दोडके स्वतः मोडून बघतात. तर त्या संध्याकाळी त्यांनी नवऱ्याला इतकंच सांगितलं की बघते. आणि हेडबाई 'बघते' म्हणाल्या की ते झालंच म्हणून समजावं.

दुसऱ्या दिवशीपासून खिडकीवालीच्या मागे त्या हात धुऊन लागल्या. नकाशावर चौकोन आखायचा होता. हेडबाईंनी आखला तो इतका काटेकोर की तळ्याचं एक टोक बाहेर राहिलं, म्हणून पुन्हा आखला, तो पार डोंगरापर्यंत ऐसपैस. चित्र कोणत्या प्रकारचं हवं ते निवडायचं होतं, कारण नुसत्या रंगाच्या चित्रात सगळंच पाणी हिरवट दिसतं, शेवाळ वेगळं ओळखू येतं ते दुसऱ्या प्रकारात. किती वेळाने नवीन आलंय का बघायचं? आलं की कुठे नेऊन ठेवायचं? तिथलं कुलूप कोणतं? प्रत्येक प्रश्नाला हेडबाईंचा एक उपप्रश्न. एका उत्तरात खिडकीवालीने फार नम्रपणे लिहिलं की याची माहिती पुस्तिकेच्या सुरुवातीलाच दिलेली आहे. हेडबाईंनी फार नम्रपणे लिहिलं की सुरुवात वाचली आहे, म्हणूनच विचारते आहे.

चित्र ठेवायची जागा त्यांनी मुद्दाम पॅनेल रूममधल्या संगणकावर केली. पॅनेल रूम म्हणजे पैलवानाची खोली, जिथून पंप आणि दारं चालतात. पाणी ओढायच्या मनोऱ्याला तीन दारं आहेत, वरचं, मधलं आणि खालचं. शेवाळ वर तरंगतं. ते मनोऱ्याकडे यायला लागलं की वरचं दार बंद करायचं, खालून पाणी घ्यायचं आणि त्यातलं विष शोषून घ्यायला कोळशाची भुकटी टाकायची. इतकंच. फक्त ते वेळेवर करायचं.

शेवटी एक रकाना ढगांचा होता. चित्रात ढग किती चालतील? हेडबाईंना ढगाळ चित्राचा भयंकर राग. अर्धं झाकलेलं, अर्धं उघडं, त्यात काय बघायचं कपाळ. पैलवानाला तर असलं चित्र दिलं की तो ढगालाच शेवाळ म्हणून पंप बंद करेल. म्हणून त्यांनी मर्यादा घातली ती अगदी कडक. स्वच्छ चित्र असेल तरच पाठवा, नाहीतर तसदी घेऊ नका. मग त्यांनी बटण दाबलं, नोंद झाली असं उत्तर आलं, आणि हेडबाई दिवसभर अशा वावरल्या जणू उपग्रह त्यांनी स्वतःच वर सोडलाय.

पहिलं चित्र आपोआप आलं तेव्हा पैलवान धावत आला. बाई, आलं, मी काही हातसुद्धा लावला नाही हो. त्याला वाटलं आपल्यावर आळ येतोय. दुसरंही आलं. लख्ख, धुतल्यासारखं. केंद्रातले सगळे येऊन बघून गेले. साहेब म्हणाले, फार छान, आणि शर्ट खोचला.

दुसरी कुणी असती तर इथे पिशवी भरून दवाखान्यात गेली असती. पण हेडबाईंनी विचार केला, आपण नसताना हे चालतं का ते बघायचं असेल तर आपण नसायला हवं. म्हणून त्यांनी स्वतःलाच बंदी केली. प्रयोगशाळेतल्या संगणकावर नवऱ्याकडून आणलेल्या अस्तराचा तुकडा टाकला आणि सांगितलं की शस्त्रक्रियेपर्यंत मी चित्र बघणार नाही. येईल ते पैलवान बघणार आणि मला तोंडी सांगणार. मी पालथी पडलेय असं समजा.

पैलवान तसं समजला. रोज सकाळी दारात यायचा, हात मागे. पहिल्या दिवशी म्हणाला, काही आलं नाही बाई. दुसऱ्या दिवशी, नाही आलं. तिसऱ्या दिवशी हसत हसत आला, म्हणाला, तळं एकदम निवांत आहे बाई, तुम्ही खुशाल जा.

निवांत कशावरून, हेडबाईंनी विचारलं.

काही आलं नाही ना, म्हणून.

हेडबाईंच्या हातातली बाटली तिथेच राहिली. हा माणूस मूर्ख नव्हता. चित्र आलं नाही म्हणजे सांगण्यासारखं काही नाही, असं त्याने धरलं होतं, आणि कुणीही तसंच धरलं असतं. फोन आला नाही म्हणजे सगळे बरे आहेत असं आपण नाही का धरत? हेडबाईंनी अस्तर ओढून काढलं. आपली बंदी आपणच मोडली आणि नेहमीच्या वाटेने संग्रहात शिरल्या.

चित्रं होती. एक नाही, तीन. चौकोनात एका कोपऱ्यात तळं आणि बाकी सगळा डोंगर, आणि उकाड्यात डोंगरावर ढग असे बसलेले असतात जसे काही भाड्याने राहायला आलेत. संग्रह ढग मोजतो ते सगळ्या चौकोनाचे. डोंगर झाकलेला, म्हणून चित्र नापास. आणि तळं? तळं त्या कोपऱ्यात टक्क उघडं होतं. डाव्या डोळ्याने बघून हेडबाईंना स्पष्ट दिसलं, पलीकडच्या काठाला बारीक हिरवी किनार धरलेली.

अजून लांब होती. वाराही उलटा होता. पण हेडबाई खुर्चीत बसल्या त्या बराच वेळ उठल्या नाहीत. हाताने उतरवत होत्या तेव्हा असली किती तरी ढगाळ चित्रं त्यांनी शिव्या घालत घालत बघितली होती, फटीतून डोकावून, आणि वेळेवर दार बंद केलं होतं. आणि दुसऱ्यासाठी लावायची वेळ आली तेव्हा म्हणाल्या स्वच्छच हवं. तसंच गेल्या असत्या, तर पालथ्या पडून मनात म्हणत बसल्या असत्या की काही आलं नाही, बरं चाललंय.

राग कुठेतरी निघायला हवा, तो खिडकीवालीवर निघाला. चार परिच्छेद लिहिले. उत्तर आलं दोन ओळींचं, की आपण सांगितल्याप्रमाणे ती चित्रं पाठवली नाहीत, आपली इच्छा असल्यास मर्यादा काढून टाकू. हेडबाईंनी ते दोनदा वाचलं. मग आपले चार परिच्छेद पुन्हा वाचले आणि एका ओळीत लिहिलं, काढून टाका, आणि जमत असल्यास माफ करा. बरोबर आणखी एक मागणी केली, की नवीन काही नसेल त्या दिवशी 'नवीन काही नाही' एवढा तरी निरोप येऊ दे. तसा निरोप लावता येतो म्हणे. खिडकीवालीने लावून दिला आणि खाली पहिल्यांदाच एक जादा वाक्य लिहिलं, डोळ्याची काळजी घ्या. हेडबाईंनी डोळ्याबद्दल तिला चकार शब्द लिहिला नव्हता. वाकड्या भिंतीवरून तिने आधीच ओळखलं होतं म्हणायचं. नवऱ्याला त्यांनी ऐकवलं, बघा, बाईच आहे. नवरा दोरा ओवत राहिला.

आता सगळी चित्रं येणार होती. ढगाळ, अर्धी, फाटक्या रजईसारखी. म्हणजे ती बघायला माणूस हवा, नुसतं यंत्र नको. आणि तारीख तर उंबऱ्यावर आलेली.

हेडबाईंनी पैलवानाला खुर्चीत बसवलं. स्वतःच्या खुर्चीत. तो बसायला तयार होईना. बाई, मी पंपवाला माणूस. पाणी हिरवं का निळं ते तुम्ही सांगायचं, मी दार ओढायचं, अशी आपली वाटणी. हेडबाई म्हणाल्या, ती वाटणी मोडली. त्यांनी जुनी चित्रं काढली, जितकी सापडली तितकी. हा ढग, ही ढगाची सावली, हे शेवाळ. सावली ढगासारखीच कापलेली असते, शेवाळ लोळत जातं. पैलवान चुकत होता. एकदा तर त्याने काठावरच्या झाडांना शेवाळ ठरवलं. हेडबाईंनी त्याला जे काही म्हटलं ते इथे नको. त्यालाही घाम फुटला, पण माणूस उठून गेला नाही. जेवणाचा डबासुद्धा तिथेच खाल्ला, पडद्याकडे बघत, आणि हेडबाईंनी टेबलावर सांडलेलं पहिल्यांदाच दिसलं नाही असं केलं.

शेवटी त्याने मनातलं काढलं. बाई, ओळखेन हो. पण दार बंद करायचं मी ठरवलं आणि चुकलं तर?

खोटा धीर द्यायची हेडबाईंना सवय नव्हती. खालचं पाणी गढूळ असतं, चव जाते, लोक बोंब मारतात, साहेबांना फोन जातात, हे दोघांनाही माहीत होतं.

"उगाच बंद केलंत तर शिव्या खाल," त्या म्हणाल्या. "उघडं ठेवलंत तर लोक आजारी पडतील. यातलं काय सोसतं ते तुमचं तुम्ही बघा. मी इतकी वर्षं शिव्याच खाल्ल्यात, मेले नाही."

मग शस्त्रक्रिया झाली. उजव्या डोळ्यावर पट्टी, आत बुडबुडा, आणि आयुष्यभर हनुवटी वर ठेवून चाललेली बाई आता जमिनीकडे बघत घरी आली. जिन्यात भेटले ते सगळे म्हणाले, किती शांत झाल्यात. चेहरा दिसत नव्हता म्हणून बरं.

नवऱ्याने घोड्याच्या नालासारखी एक उशी शिवली होती, आत भरपूर कापूस, मध्ये पोकळ, म्हणजे तोंड खाली घालून श्वास घेता येईल. कापायचं टेबल रिकामं करून त्यावर ती मांडली आणि स्टूल लावलं. हेडबाईंनी दिवसा तिथे बसायचं, डोकं उशीत. वरच्या मजल्यावरची नणंद पहाऱ्याला खाली आली. ती दवाखान्यात नर्स होती, जन्मभर वळवळणाऱ्या रोग्यांना झोपवून ठेवलेलं, त्यामुळे तिच्या हाताखाली हेडबाई म्हणजे किरकोळ काम. मान जरा वर झाली की बोट टेकवायची आणि म्हणायची, वहिनी, बुडबुडा. हेडबाई उशीतून म्हणायच्या, वन्सं, मी नुसता श्वास घेतला. मग जरा खाली तोंड करून घ्या, नणंद म्हणायची. दोघींनी इतका वेळ एका खोलीत काढायची ही पहिलीच वेळ, आणि एकीला दुसरीचं तोंड दिसत नव्हतं म्हणून ती निभावली.

पैलवान रोज सकाळी फोन करायचा. नवीन काही नाही असा निरोप आला बाई. चित्र आलं, तळं साफ आहे बाई. हेडबाई हं म्हणायच्या आणि दिवस काढायच्या.

मग एके दिवशी दुपार व्हायला आली तरी फोन नाही. हेडबाईंनी सांगितलं, लावा. नणंदेने लावला, उचलला नाही. पुन्हा लावला. वारा फिरला होता, खिडकीचा पडदा आत उडत होता आणि त्यांच्या मानेला लागत होता, म्हणजे पलीकडच्या काठावरचं सगळं आता मनोऱ्याकडे. हे त्यांना चित्र न बघताही कळत होतं, आणि तेच वाईट होतं. केंद्र काही लांब नाही. रिक्षाने गेलं तर अर्ध्या तासात जाऊन येणं. संगणकाच्या पडद्याकडे एकदा बघायचं, एवढंच.

त्यांचे दोन्ही हात टेबलाच्या कडेवर आले. नणंदेने या वेळी बोट टेकवलं नाही. म्हणाली, "वहिनी, जायचं तर मी अडवणार नाही. पण उठलात तर डोळा इथेच ठेवून जाताय, हे लक्षात घेऊन उठा."

नवऱ्याने मशीन थांबवलं. हेडबाईंनी टेबलाची कड अशी धरली होती की नखं पांढरी पडली. मग त्यांनी एकेक बोट सोडवलं आणि हात मांडीवर घेतले. डोकं होतं तिथेच राहिलं.

फोन वाजला तो त्यानंतर बऱ्याच वेळाने. नणंदेने त्यांच्या कानाशी धरला. पैलवान धापा टाकत होता. ढगांच्या फटीतून दिसलं बाई, मनोऱ्याच्या अंगाने, लोळत आलेलं, कापलेलं नाही. साहेब म्हणाले, बाईंना दाखवा. मोबाईलवर पाठवू का?

"त्या एवढ्याशा पडद्यावर मला काही दिसायचं नाही," हेडबाई उशीत म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं ते सांगा. काय करणार आहात?"

"करून झालं बाई," पैलवान म्हणाला. "वरचं दार सकाळीच बंद केलं. भुकटी टाकत होतो, म्हणून फोन उचलला नाही. साहेब जरा चिडलेत."

पैलवानाने दोनदा हॅलो हॅलो केलं. हेडबाईंना आनंद झाला होता का, की आपल्याला न विचारता दार बंद झालं याचा कुठेतरी ठसका लागला होता, ते उशीला माहीत. शेवटी त्या इतकंच म्हणाल्या, भुकटी टाकताना तोंडाला फडकं बांधा, आणि साहेबांना म्हणावं, चिडायचं असेल तर उठल्यावर माझ्यावर चिडा.

गावाला चार दिवस गढूळ पाणी आलं. लोकांनी बोंब मारली. कुणी आजारी पडलं नाही.

भोक मिटलं. डॉक्टरने सांगितलं की नजर हळूहळू येईल, आणि पूर्वीइतकी यायची नाही. हेडबाईंनी तेही ऐकून घेतलं, कारण न ऐकून सांगणार कुणाला. काळा चष्मा लावून त्या कामावर गेल्या तेव्हा पैलवान पडद्यासमोर बसलेला. बाईंना बघून तो सवयीने उठायला लागला, आणि मग का कोण जाणे, उठला नाही. हेडबाईंनी कोपऱ्यातलं स्टूल ओढलं आणि शेजारी बसल्या.

नुकतंच एक चित्र आलं होतं. तळ्याच्या मधोमध काहीतरी गडद.

"शेवाळ," पैलवान म्हणाला.

"सावली," हेडबाई म्हणाल्या.

"कापलेलं नाही बाई, बघा ना."

"मला सहा महिने तरी नीट दिसायचं नाही, मला काय बघा म्हणता. पण सावलीच आहे."

पैलवानाने मान हलवली, पण ती होकाराची नव्हती. दोघंही बराच वेळ हटेनात. शेवटी हेडबाई उठल्या, फळीवरून रिकामी बाटली घेतली, त्यावर चिठ्ठी चिकटवली आणि म्हणाल्या, चला, होडी सोडा, पाणीच भरून आणू. आणि वल्हं तुम्ही मारायचं, मला डॉक्टरने जोर लावायचा नाही असं सांगितलंय.